चाळीस बायका, एक नोंद

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज आमदारांच्या संपर्क कार्यालयात रुजू झालो. वेळ अकराची होती. मी दहा चाळीसला पोहोचलो, तेव्हा दाराला कुलूप होते. पावणेबाराला टायपिस्ट बाई आल्या आणि मला पायरीवर बसलेला पाहून म्हणाल्या, “अगंबाई, तुम्ही खरंच वेळेवर येणार आहात?”

विमा कंपनीच्या दावे विभागात एकतीस वर्षे काढल्यावर माणूस एक गोष्ट शिकतो : जे कागदावर नाही, ते घडलेले नाही. आमच्या आमदार दुसऱ्यांदा निवडून आल्या आहेत आणि लहानथोर सगळे त्यांना ताई म्हणतात. त्या माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेत, तरी सोयीसाठी मीही तसेच लिहीन. प्रचारात त्या म्हणाल्या होत्या, “सभागृहात माझा हात तुमच्या मताने वर जाईल.” वाक्य उत्तम आहे, परंतु कोणाचे मत, किती जणांचे आणि कोणत्या तारखेला मोजलेले, याचा त्यात उल्लेख नाही. निवृत्तीनंतर मी हे त्यांना पत्राने कळवले. त्यांनी बोलावून घेतले आणि हसत म्हणाल्या, “भाऊ, मग तुम्हीच मोजा की.”

त्याप्रमाणे मी ‘जनमत नोंदवही’ आखली असून तिची नऊ कलमी कार्यपद्धती टंकलिखित केली आहे. एक पत्र, एक नोंद. एक भेट, एक नोंद. पूर्ण पत्ता आणि सही आवश्यक. दर शुक्रवारी एकूण आकडे व्हरांड्यातल्या फळ्यावर लावायचे आणि दोन्ही स्थानिक वृत्तपत्रांना पाठवायचे. प्रसिद्ध झालेल्या आकड्यात चूक आढळल्यास दुरुस्तीही तिथेच प्रसिद्ध करायची. ताईंनी नऊही कलमांखाली न वाचता सही केली. पहिल्याच दिवशी मिळालेला इतका विश्वास कंपनीत मिळवायला मला वीस वर्षे लागली होती.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

कामाला विषयही वजनदार मिळाला. वीसपेक्षा कमी खाटांची सगळी प्रसूतिगृहे बंद करून ती मुख्य रुग्णालयात विलीन करावीत, असे विधेयक आले आहे. मतदान २६ तारखेला. आमच्या मतदारसंघात पाण्याच्या टाकीजवळ चौदा खाटांचे एक प्रसूतिगृह आहे, तेही बंद होईल. समर्थकांचे म्हणणे असे, की मुख्य रुग्णालयात यंत्रे आहेत, डॉक्टर चोवीस तास आहेत, मग चौदा खाटांचा पसारा कशाला? युक्तिवाद बिनतोड वाटतो. अर्थात माझे मत मी नोंदवलेले नाही. मी मोजणारा आहे.

आठवड्याच्या नोंदी ९७. बाजूने ८१, विरोधात १६. बाजूची बहुतेक पत्रे बागेकडच्या सोसायट्यांमधून आली आहेत. मजकूर छापील आणि शब्दशः एकच. सह्या व पत्ते मात्र पूर्ण. ताईंच्या गाडीचे चालक, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी गठ्ठा हातात घेऊन पाहिला.

“साहेब, सगळ्या विटा एकाच साच्यातल्या दिसतात.”

“वीट कोणत्या साच्यातली, हे मी पाहत नाही, मामा. ती पूर्ण आहे का, एवढेच पाहतो.”

“बरोबर आहे,” मामा म्हणाले. “भिंत कुठे उभी राहतेय, ते बघायला दुसरी माणसं असतातच.”

ते बरेचदा असे बोलतात. चांगले गृहस्थ आहेत.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

साडेबाराला चाळीस बायका एकदम आल्या. खुर्च्या बारा आहेत, त्यामुळे मोजण्याची वेळ आली. टाकीजवळच्या गल्ल्यांमध्ये राहणाऱ्या, काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या. त्यांच्या पुढारी शिवणकाम करतात आणि निम्म्या गल्लीला ते त्यांनी शिकवलेले असल्यामुळे त्यांना मास्तरीण म्हणतात. त्या प्रसूतिगृह बंद करण्याच्या विरोधात अकरा मिनिटे बोलल्या. एकही मुद्दा दोनदा आला नाही. इतकी बांधीव मांडणी मी आमच्या विभागीय व्यवस्थापकांकडूनही ऐकली नव्हती.

मी लिहिले : भेट – विरोध – १.

मास्तरणीने वही स्वतःकडे फिरवली. “एक? आम्ही चाळीस जणी आलोय.”

“हो, पण भेट एकच आहे.”

“मग उद्यापासून एकेक येऊ?”

“अवश्य या. अकरा ते एक आणि तीन ते पाच.”

“त्या वेळेत आम्ही बाटल्या धुतो.”

“मग पत्र पाठवा. पत्राला वेळेचे बंधन नाही.”

मागून कोणीतरी म्हणाले, “धड लिहिता आलं असतं तर बाटल्या कशाला धुतल्या असत्या, दादा? तुमच्या खुर्चीत नसतो का बसलो?” सगळ्या हसल्या. मीही हसलो. वातावरण एकंदर खेळीमेळीचे होते.

जाताना त्यांनी ताईंना भेटायचे म्हटले. ताई आतल्या खोलीत होत्या. टायपिस्ट बाईंनी मात्र “दौऱ्यावर आहेत” असे सांगितले. ही माहिती चुकीची असल्याचे मी नंतर बाईंच्या लक्षात आणून दिले. त्या म्हणाल्या, “चूक नाही हो ती. सूचना आहे.” कोणाची, ते विचारायचे राहून गेले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

नोंदी स्वीकारण्याची मुदत आज पाच वाजता संपली. एकूण २७५. बाजूने २१४, विरोधात ६१. म्हणजे ७७.८ टक्के लोकांना विलीनीकरण हवे आहे. तक्ता फळ्यावर लावला, वृत्तपत्रांना पाठवला आणि ताईंच्या हातात दिला.

ताईंनी आकडा वाचला आणि अक्षरशः उभ्या राहिल्या. “भाऊ, सोनं केलंत! मला वाटलं होतं, लोक माझी सालटी काढतील.” लगेच पक्ष कार्यालयात फोन लावून म्हणाल्या, “आता माझ्याकडे आकडा आहे. कुणी काही विचारलं तर दाखवता येईल.” एकतीस वर्षे आकडे मांडले, पण आकडा मिळाल्याचा असा निखळ आनंद प्रथमच पाहिला. लोकमताची एवढी तळमळ असलेली लोकप्रतिनिधी विरळाच.

मामा म्हणतात, विधेयक नीट पार पडले तर ताईंना उपमंत्रिपद मिळणार आहे आणि नव्या गाडीचा रंगही विचारून झाला आहे. ऐकीव माहिती आहे. केवळ पूर्णतेसाठी नोंदवतो.

शनिवार, १५ फेब्रुवारी

जेवताना सौ.ला टक्केवारी सांगितली आणि ओघात त्या बायकांची हकिगतही. तिचा हात वाढता वाढता थांबला.

“अकरा ते एक, तीन ते पाच. कळा याच वेळेत येतात का हो?”

“हा प्रश्न कार्यालयीन वेळेचा आहे.”

“आपली मुलगी कुठे झाली?”

“टाकीजवळच्या प्रसूतिगृहात. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी.”

“वेळ बरी आठवते. घरातून निघाल्यापासून किती वेळ होता माझ्याकडे?”

मी आठवून पाहिले. रिक्षाला सहा मिनिटे लागली होती. दारातच नर्सने तिला घेतले आणि मी रिक्षावाल्याशी बोलून आत जाईपर्यंत रडणे ऐकू आले होते.

“मुख्य रुग्णालयात न्यायचं असतं, तर ती रिक्षातच झाली असती,” सौ. म्हणाली आणि भात वाढून मोकळी झाली. तिच्या बोलण्यात आकडा नव्हता; तरी ते दुर्लक्ष करण्याजोगे वाटले नाही.

अहवालाला परिशिष्ट जोडावे, म्हणून दुपारी मामांना घेऊन प्रत्यक्ष अंतर मोजले. टाकीपासून मुख्य रुग्णालय ९.४ किलोमीटर. वेळ एकेचाळीस मिनिटे. पैकी चौदा मिनिटे रेल्वेच्या बंद फाटकापाशी. फाटकासमोर इंजिन बंद करून मामा म्हणाले, “साहेब, त्या दिवशी आलेल्या चाळीस जणींत सात पोटुशी होत्या. त्यांची काही वेगळी नोंद?”

“भेट एकच होती, मामा.”

“हो ना,” ते म्हणाले. “विसरलोच.”

मालगाडी फार लांब होती. डबे मोजले नाहीत. एरवी मोजतो.

रविवार, १६ फेब्रुवारी

चूक माझी आहे. स्पष्ट लिहितो, म्हणजे उद्या सबब सुचणार नाही.

सोसायट्यांतले दोनशे लोक एकच छापील मजकूर पाठवतात, त्यांची मी दोनशे मते धरली. चाळीस बायका एकाच तोंडाने बोलल्या, त्यांचे मी एक मत धरले. दोन्हीकडे कलम पाळले आहे आणि दोन्हीकडे निकाल उलटा आहे. ज्याच्याकडे टपालाचे तिकीट आणि मोकळी दुपार आहे, तो माझ्या वहीत माणूस आहे. ज्याच्याकडे दोन्ही नाही, तो नाही. ७७.८ टक्के हे मतदारसंघाचे मत नसून सवडीचे मत आहे.

दावे विभागात अपूर्ण अर्ज परत पाठवणे हे माझे काम होते आणि त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. परत गेलेल्या अर्जांपैकी किती पुन्हा आलेच नाहीत, ही संख्या मी एकतीस वर्षांत कधी काढली नाही. आज दिवसभर ती काढता येईल का, याचा विचार करत होतो. येणार नाही. कागद कंपनीत आहेत.

ही चूक मात्र दुरुस्त करता येण्यासारखी आहे. मतदानाला दहा दिवस आहेत.

सोमवार, १७ फेब्रुवारी

संध्याकाळी सहाला मास्तरणीच्या शिलाई दुकानाच्या ओट्यावर टेबल मांडले. सोबत टायपिस्ट बाई, “मला घरी तरी काय काम आहे?” म्हणत स्वतःहून आल्या. मास्तरणीने शिलाई मशीन न थांबवता विचारले, “आता काय, एकीची अर्धी लिहायला आलात?”

मी चूक सांगितली. उभे राहून सांगितली. मशीन थांबले.

“असं आहे होय,” ती म्हणाली. मग गल्लीत तोंड करून असा काही आवाज दिला, की चार घरांचे दिवे लागले.

एक माणूस, एक नोंद. ज्यांना सही येत नाही, त्यांचा अंगठा. विरोध असो वा पाठिंबा, प्रत्येकाला एकच प्रश्न, एकाच शब्दांत. साडेआठपर्यंत १९४ नोंदी.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज एका बाईने बाजूने मत दिले. दोन वर्षांपूर्वी तिचे बाळ याच प्रसूतिगृहात गेले. डॉक्टर पोहोचायला उशीर झाला. “बंद करा ते,” ती म्हणाली. रांगेतून कुजबुज उठली. कोणी म्हणाले, “अगं, तू आपल्यातली ना?” मास्तरीण एकदम करवादली, “गप्प बसा गं! तिचंही लिहा, दादा. तिनं सांगितलं तसंच लिहा.”

लिहिले. माझे अक्षर सहसा बिघडत नाही.

तीन संध्याकाळी मिळून ६१२ नोंदी. विरोधात ५७४, बाजूने २९, मत नाही ९. मागच्या नोंदींत मिळवून आणि चाळीस जणींची ती एकत्रित नोंद वजा करून एकूण ८८६. विरोधात ६३४, बाजूने २४३. विरोध ७१.६ टक्के.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दुरुस्त अहवाल ताईंना दिला. त्यांनी बराच वेळ वाचला. पान एकच होते.

“मुदत चौदा तारखेला संपली होती ना, भाऊ?”

“होय. परंतु चुकीला मुदत नसते. कलम नऊ.”

“मी पक्षाला आकडा कळवून बसले आहे.”

“मग त्यांना दुरुस्तीही कळवावी लागेल. मसुदा मी तयार ठेवला आहे.”

ताईंनी डोळे मिटून कपाळ दाबले. अधिवेशनाच्या दिवसांत त्यांना विश्रांती मिळत नाही. “तुम्हाला कोणी सांगितलं होतं तिथे जायला?”

“कोणी नाही,” मी नम्रपणे म्हणालो. कौतुक करून घेण्याची मला सवय नाही.

“ठेवून जा. बघते.”

घरी सौ.ला सांगितले, की ताईंनी लक्ष घालण्याचे मान्य केले आहे. ती म्हणाली, “‘बघते’ म्हणाल्या? मग झालंच.” मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. “आणि उद्या शुक्रवार. फळ्याचं काय करणार?”

इथे क्षणभर शंका आली, हे मान्य करतो. ताईंच्या चेहऱ्यावर समाधान नव्हते. नोकरी अडीच आठवड्यांची आहे आणि मला ती आवडू लागली आहे. परंतु फळ्यावर या घटकेला एक चुकीचा आकडा आहे आणि त्याखाली माझी सही आहे.

“त्यांना नको असते, तर तसे म्हणाल्या असत्या,” मी म्हणालो.

“हो हो,” सौ. म्हणाली. “तुम्ही लावाच.”

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पाच वाजता दुरुस्ती फळ्यावर लावली, फाटकावरची चौदा मिनिटे परिशिष्टात जोडली. वृत्तपत्रांना प्रती पाठवल्या. टायपिस्ट बाईंनी दोनदा विचारले, “नक्की ना?” मामा व्हरांड्यात उभे राहून सगळा तक्ता वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केले. कारण सांगितले नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

काल दोन्ही वृत्तपत्रांत पहिल्या पानावर छापून आले. एकाचा मथळा : ‘आमदारांच्याच नोंदवहीत विरोध ७१ टक्के’. दशांश गाळला आहे. शुद्धिपत्रासाठी लिहिले.

आज सुटी असूनही कार्यालयात बोलावणे आले. सकाळपासून फोन खणखणत होता. निम्मे फोन टाकीकडचे, चारपाच पक्षाचे आणि दोन शेजारच्या आमदारांचे. त्यांच्याकडच्या बायका विचारू लागल्या आहेत म्हणे, की आमची मोजणी कधी? ताई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

“भाऊ, एक विचारू? तुम्ही भोळे आहात की पक्के?”

“वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे,” मी म्हणालो.

त्या वळल्या आणि हसू लागल्या. इतक्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग खुर्चीत बसून म्हणाल्या, “बाजूने हात वर केला तर पुढच्या वेळी मला त्या गल्लीत पाय ठेवता येणार नाही. विरोधात केला तर पक्षात. आणि ही कोंडी माझ्याच सहीच्या कागदाने झाली.”

“कोंडी कसली, ताई? आकडा स्पष्ट आहे.”

“तेच तर,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “ती फाटकाची चौदा मिनिटं... तुम्ही खरंच थांबलात तिथे?”

“घड्याळ लावून.”

मग मामांना गाडी काढायला सांगून त्या एकट्याच निघाल्या. मामा परत आले, तेव्हा मी विचारले. त्या मास्तरणीच्या ओट्यावर पाऊण तास बसल्या होत्या. “ताई काय बोलल्या?” “काहीच नाही,” मामा म्हणाले. “आज बोलायची पाळी त्यांची नव्हती.”

बुधवार, २६ फेब्रुवारी

प्रेक्षकांच्या सज्जात दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. शेजारी मास्तरीण, तिच्या पलीकडे सौ. कारखान्यातून चौघींना सोडले होते. पक्षाने आदेश काढला नव्हता, ‘अपेक्षा’ कळवली होती. दोहोंतला फरक मामांनी मला येताना समजावला : आदेश मोडला तर पद जाते, अपेक्षा मोडली तर मिळणारे पद येत नाही.

अध्यक्षांनी विरोधातल्यांना उभे राहण्यास सांगितले. समोरचे बाक उभे राहिले. आमच्या बाकांवर कोणी हलले नाही. ताई दोन्ही हात बाकावर ठेवून बसल्या होत्या. मास्तरणीने माझे मनगट धरले. तिला बहुधा ते सौ.चे वाटले असावे. मग ताई उठल्या. एकट्याच. मी सहा सेकंद मोजले. त्यानंतर त्यांच्या मागच्या बाकावरचे एक वृद्ध सदस्य गुडघ्यावर हात टेकत उठले, मग डावीकडचे दोघे, आणि असे करत त्या बाजूचे नऊ जण उभे राहिले.

विधेयक चार मतांनी पडले.

मास्तरणीने मनगट सोडले तेव्हा बोटांचे वळ उमटले होते. सौ. रडत होती. लोकमत अचूक मोजले की लोकप्रतिनिधी त्यानुसार वागतात, हे मी पहिल्यापासून सांगत आलो आहे. ते सिद्ध झाल्याचे समाधान आहे.

सोमवार, ३ मार्च

उपमंत्रिपद दुसऱ्या कोणाला तरी मिळाले. दोन घटनांचा संबंध जोडण्यास माझ्याकडे पुरावा नाही. मामांच्या मते तो लागतही नाही.

पक्षाची नोटीस आली आहे : आपण कोणाच्या सांगण्यावरून पक्षाच्या अपेक्षेविरुद्ध मतदान केले, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा. मी चार पानी मसुदा केला; सहा परिशिष्टे, तीन तक्ते. ताईंनी तो व्हरांड्यातल्या बाकावर बसून सावकाश वाचला. भेटीला आलेल्या दोन म्हाताऱ्या त्यांच्या शेजारीच टेकल्या होत्या. एकीने तर चष्मा लावून सोबत वाचायला सुरुवात केली. ताईंनी तिला पान नीट दिसेल असे धरले. मग पेन मागितले आणि सगळे खोडून शेवटी एक ओळ लिहिली :

‘माझ्या मतदारसंघातल्या ६३४ बायकांच्या सांगण्यावरून.’

“त्यांत एकशे सात पुरुष आहेत,” मी म्हणालो.

“मग ‘माणसांच्या’ करा.”

केले. “पण एवढ्याने पक्षाचे समाधान होणार नाही, ताई.”

“नाहीच होणार.” त्यांनी सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. “पण मी तिथून निवडून आलेली नाही, भाऊ.”

हे विधान मी पडताळून पाहिले. ते अचूक आहे. पत्र सव्वाचारच्या टपालाने रवाना केले.